सावद्याचं दार

नाटकाला एक दार हवं होतं.
पुठ्ठ्याचं करून पाहिलं,
ते पंख्याच्या वाऱ्यानंच उघडायचं,
आणि रमजान तडवी चिडून म्हणायचा,
मी घर सोडतोय की हवा खातोय?

हेमलता नेहेते आमची प्रॉम्प्टर.
वहीवर बोट, ओठांत सगळ्यांची वाक्यं,
स्वतःचं एकही नाही.
तालमीनंतर चहाचे ग्लास गोळा करताना म्हणाली,
आमचं घेऊ की. सावद्याचं. मागचं. सागवानी आहे.

तिच्या आईनं नाटकाचं नावसुद्धा विचारलं नाही.
बिजागऱ्यांचे स्क्रू वाटीत मोजून ठेवले,
उघड्या चौकटीवर खताच्या गोण्या शिवून टांगल्या.
थंडी आहे, म्हणाली, चार दिवसांत आणा.

केळीच्या रिकाम्या टेम्पोत
दार आडवं, त्यावर आम्ही सात जण.
तापीच्या पुलावर भाग्येशनं अख्खा दुसरा प्रवेश म्हटला,
एरंडोलला दात वाजू लागले,
पारोळ्यापुढे कुणीच काही बोललं नाही.

धुळ्यात आमचा नंबर अकरावा.
जेवणानंतरचा. परीक्षकांच्या पापण्या जड.
शेवटी रमजान म्हणाला, "निघतो मी,"
कडी काढली, ढकललं.
दार हललं नाही.
पुन्हा ढकललं, खांदा लावून.
आमची ठोकलेली चौकट थरथरली,
भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.
मी विंगेत हातोडी घेऊन उभा, उपयोग शून्य.

तेव्हा वही मिटून हेमलता,
जरा मोठ्यानंच,
घरी भावाला सांगावं तशी:
"जोर कायले करतं? आधी वर उचल, मंग लोट."

पहिल्या रांगेपर्यंत गेलं ते.
यामिनी आई झाली होती,
तिनं या प्रवेशात अबोला धरायचा होता.
ती पाठमोरीच राहिली
आणि तेच वाक्य, तेवढंच,
हळू म्हणाली.

रमजाननं दार उचललं. लोटलं. गेला.
लाइटवाला अंधार करायचा विसरला.

बक्षीस मिळालं नेपथ्याचं, उत्तेजनार्थ.
नाटकाबद्दल परीक्षक म्हणाले, भाषेत सातत्य हवं.

सावद्याला दार बसवलं तेव्हा
आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं "प्रवेश ३" तसंच होतं.
आईनं ते पुसलं नाही.
दार उचलून, लोटून, दोनदा लावून पाहिलं,
रंधा मारू म्हणते दरवर्षी, राहून जातं.
मग गोण्यांची शिवण उसवली,
नीट घडी घातली
आणि आमच्याच हातात दिल्या,
पुढच्या साली लागतील म्हणून.