मानशीचं दार

आमच्या आडपईत मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातलं दार ते.
भरतीच्या रेट्याने आपणच मिटतं,
ओहोटीला आपणच उघडतं,
आणि तरी त्याला माणूस लागतो.

तो माणूस माझे बाबा, शाणू गावडे.
रात्री अडीचला कंदील घेऊन निघायचे,
मी मागून, त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून.
बांध लाटेने फुटत नाही, म्हणायचे,
कुर्लीने फुटतो.
बोटाएवढं बीळ.
मला त्या बिळांचा नादच लागला.
वहीच्या मागल्या पानांवर नकाशे काढायचे,
कुठलं जुनं, कुठलं कालचं,
कुठल्याच्या तोंडाशी चिखल अजून ओला आहे.
त्या वर्षी भूगोलात तेवढी पास झाले.

आणि नंदामामा पावणी बोलायचा.
देवळात केळीचा घड असो
की मानशीवरच्या मासळीचा हक्क,
एक वार.
दोन वार.
मग गप्प.
पानाची पिंक टाकायला उठून जायचा,
परत येईपर्यंत लोक आपसातच
पाचशेने चढलेले असायचे.
विक्रीचं माझं शिक्षण एवढंच.

बेंगळुरूहून पडद्यावर तिघांनी विचारलं,
तुमची पार्श्वभूमी सांगा, सुकांती.
मी कॅमेरा जरासा वळवला.
मागे खुंटीवर जाळं होतं,
त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.
दोघे हसले. तिसरीने काहीतरी लिहून घेतलं.

आता पाटोवर चौथ्या मजल्यावर बसते.
फायरवॉल विकते, बॅकअप विकते,
वेर्ण्याच्या औषध कारखान्याला,
कांदोळीच्या हॉटेलाला, जिथे वायफायचा पासवर्ड
तरणतलावापाशी खडूने लिहिलेला असतो,
खाली हसरा मासा काढून.
पत्रक नंतर काढते. आधी विचारते,
रात्री इथे कोण असतं?
ते वॉचमनचं नाव सांगतात.

पुण्याचा मॅनेजर म्हणतो, भीती विक,
भीती पटकन खपते.
जमत नाही मला.
बाबांनी कधी कुणाला पाण्याची भीती घातली नाही,
चिखलाची पाटी हातात द्यायचे, बस्स.

म्हापशाच्या पतसंस्थेत
केंकरे चेअरमननी चष्मा पुसत विचारलं,
एवढे लाख घातले म्हणजे
पुढे काही होणार नाही ना?

हो म्हणायला एक अक्षर लागतं.
तिमाही संपायला चार दिवस होते.

मी म्हटलं, होणार.
आणि कशी कोण जाणे, सांगतच गेले,
बाबा तापाने फणफणले होते त्या आठवड्याचं.
दोन रात्री कंदील निघाला नाही.
तिसऱ्या रात्री खांड पडली.
सकाळी शेतात मासे उड्या मारत होते,
आम्ही मुलं टाळ्या वाजवत होतो.
तीन वर्षं कोरगुटाचं कणीस धरलं नाही.
गावाने बाबांना एका शब्दाने विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

केंकरे बराच वेळ
टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिले.
मग चहा मागवला. मग म्हणाले, कळवतो.

तिमाही संपली. पुण्याहून मेल आली,
तिच्यात माझं नाव लाल रकान्यात होतं.

शनिवारी गावी आले.
मानशीला आता सिमेंटचे खांब आहेत,
दार मात्र अजून मट्टीच्या लाकडाचं.
बाबांचे गुडघे गेलेत, बॅटरी मी धरते.
चालता चालता ते थांबतात,
एका भोकात अंगठा घालून
नुसते उभे राहतात, जणू नाडी बघताहेत.
ओलं आहे, म्हणतात.

फोन खिशात आहे.
केंकऱ्यांना मी दोनदा विचारून झालंय.
दोन वार.

भरती चढते आहे.
मी काही बोलत नाही.