शॉकअप

डिचोलीत रुझार मेस्तच्या गॅरेजात
माझी गाडी चार हात वर उचललेली.
बारा वर्षांत पहिल्यांदाच बघते तिचं पोट:
लाल चिखल, गंज,
आणि बुशच्या जागी रबराचा चावलेला चोथा.
"हें पळय, बाय," म्हणत तो पहार घालतो,
खालचा आर्म खुळखुळतो
आणि माझीच दाढ ठणकते.

पाळी ते पर्वरी, पर्वरी ते पाळी,
एक लाख बारा हजार किलोमीटर.
कुठल्या गतिरोधकाचे पट्टे पुसलेत,
कुठल्या वळणावर पाइपवाल्यांनी खणून तसंच बुजवलं,
सगळं पाठ आहे. तरी दर वेळी ठक्.
डाव्या बाजूनं. जिथं बाबा बसतात.

बाकावर तीन खोकी.
एकात आखूड स्प्रिंगा. रुझारचा एल्टन म्हणतो,
गाडी दीड इंच बसते,
वळणावर धरते रस्त्याला घोरपडीसारखी.
(आणि पाळीच्या चढावर पोट घासते, हे रुझार म्हणतो,
पोराकडे न बघता.)
एकात पिवळे, गॅसचे.
एकात कंपनीचेच. काळे.
त्यांच्याबद्दल कुणीच काही म्हणत नाही.

मला पिवळे आवडले. खोटं कशाला बोलू.
चार रात्री त्यांचेच आकडे वाचले,
चोर्ल्याचा घाट उतरले अंथरुणात,
एकटी, खिडक्या उघड्या,
मागच्या सीटवर ऑफिसची फाइल नाही, औषधांची पिशवी नाही.

रुझारनं एकच विचारलं:
"तुका गाडी धांवपाक जाय,
काय घरा पावपाक जाय?"

बाबा जुन्या टायरवर बसून ऐकत होते.
अठ्ठावीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला त्यांनी,
खाण ते धक्का, खेपेवर पैसे.
त्या ट्रकला कसला शॉकअप, पाटेच,
एकावर एक नऊ.
भरलेला असला की डुलत जायचा, म्हणाले,
गाभण म्हशीसारखा.
परतताना खरा त्रास. रिकामा.
वजनासाठी केलेली वस्तू वजन नसलं की आपटते.
एवढं बोलून ते
बोटावरचं ग्रीस टायरला पुसत राहिले.

खाणी बंद झाल्या त्या वर्षी
आमच्या घरातली दारं फार जोरात लागायची.
ताटं खाली ठेवली जात नसत, पडत.
आई म्हणायची, पाठ दुखते रे त्यांची.
तेव्हा मी तेच खरं मानलं होतं.

काळे घेतले.
सोबत बुश, वरचे माउंट, लिंक,
नावं सांगून कुणाला दाखवता येणार नाही असा सगळा खर्च.
एल्टननं पिवळ्यांचं झाकण लावलं,
जरा जास्तच हळू.
रुझार म्हणाला, गाडी जमिनीवर आल्यावरच
बुशचे नट शेवटचे आवळायचे.
अधांतरी आवळलं की रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं.
हे मी लिहून घेतलं. कशासाठी, माहीत नाही.

संध्याकाळी निघालो.
साखळीच्या अलीकडचा तो खड्डा
मी मुद्दामच चुकवला नाही.
गाडी उतरली, चढली,
एकदाच,
आणि झालं.
बाबांचा हात सवयीनं वरच्या कडीकडे गेलेला,
तसाच थोडा वेळ हवेत राहिला,
मग मांडीवर आला.

डावीकडे आवाज नाही.
इतका नाही, की डिकीतला जॅक ऐकू यायला लागला,
आणि पंख्याची कुरकुर,
आणि त्यांचा श्वास.

वाळवंटीच्या पुलावर त्यांनी विचारलं,
ते पिवळे कितीला होते?
सांगितलं.
पूल संपला, बाजार संपला,
पाळीचा फाटा आला.
तितके काही महाग नव्हते, म्हणाले,
काचेतून बाहेर बघत.