पॉइंट दोनचा हिशोब

भूपेशनं टेबलावर ठेवलं तेव्हा मला वाटलं
सुपारीच्या डबीचं झाकण असेल.
"मामा, हाई तपस, पन धूर नही देस."

अमळनेरात मोटारी भरायला लागून मला एकतीस वर्षं झाली.
पाणबुडी मोटारी, पिठाच्या गिरण्यांच्या,
एकदा तर तमाशाच्या जनरेटरचं आर्मेचर
रात्रीतून बांधून दिलं, वगाच्या आधी दिवे लागले.
पण हे नखाएवढं पितळ, त्यात दोन खांब,
खांबांच्या भोकांतून केसासारखी तार,
तारेच्या पोटात कापूस.
कापूस तेवढा ओळखीचा.
"याच्यावर बंदी शे ना रे?"
तो मोबाइलात बघत राहिला.

बंदी तांब्याला कळत नाही.
मी मीटर काढला.
आधी त्याची दोन्ही टोकं एकमेकांना लावली.
मीटरचा स्वतःचा विरोध आधी मोजायचा, वजा करायचा,
मग दुसऱ्याचा.
हे मला नूरखां मिस्तरींनी कानफटात देऊन शिकवलेलं.

तार पॉइंट चारची. काटा दाखवतो पॉइंट सहा.
म्हणजे पॉइंट दोन
मधेच कुणीतरी बसून खातंय.

खांब बरे. स्क्रू कसून बघितले, बरे.
उलटं केलं तर तळाच्या मधल्या खिळ्यावर काळा थर,
गोड पाक झिरपून जळाल्यासारखा,
आणि खिळ्यामागे ही एवढीशी स्टीलची स्प्रिंग.
सगळा करंट तिच्यातून:
गिरणेचा पाट सलाइनच्या नळीतून.
तारेच्या वाटचं तीच तापत होती.
खाली चटका, वर काही नाही.

"सैल सांधाच तापतो," मी म्हटलं,
"घट्ट सांध्याला कळत पण नाही
आपल्यातून काय गेलं."
भूपेश हसला नाही.
आठ दिवस झाले त्याला येऊन.
चाकणच्या कंपनीतून. सुट्टी किती, विचारलं
तर म्हणतो, "शे अजून."

स्प्रिंग काढून फेकली.
दहिवदच्या जळक्या मोटारीतलं जाड तांबं घेतलं,
ड्रिलच्या तोंडात धरून कानशीनं गोल केलं,
आठ वेळा बसवून बघितलं, नवव्यांदा बसलं.
पितळाला चिंचेचा कोळ लावला,
घरी देव घासतात तसा, अंगठ्यानं.
मग सराफ बाजारात तपनकडं.
तो बंगालचा, अठरा वर्षांत अहिराणी शिकला, शिव्यांसकट.
खिळा चिमट्यात धरून म्हणाला,
"कोनता देवनं शे हाई?"
काय सांगणार. म्हटलं, भाच्याचं.
त्यानं चांदीचं पाणी चढवलं, पैसे घेतले नाहीत,
दोन चहा मात्र माझ्याकडून.

परत आलो तर भूपेश त्याच स्टुलावर,
तीच मान, तोच मोबाइल, चेहऱ्यावर तोच उजेड.
जोडलं. कसलं. टोकं लावली.
पॉइंट चार, शून्य दोन.
त्या शून्य दोनचं काय करायचं, त्यानं विचारलं.
राहू दे म्हटलं. एवढं सगळ्यांतच असतं.

त्यानं बटण दाबलं आणि
दुकानात, जळक्या वार्निशच्या वासात,
एकदम खरबुजाचा वास.
तापीच्या वाळूतल्या खरबुजाचा नाही,
कधी उन्हातच न पिकलेल्या कुठल्यातरी खरबुजाचा.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. ताई.
आठ दिवस तिला सांगतोय, सुट्टी आहे त्याला, झोपलाय.
आज फोन उचलला नाही.
हिरवं बटण दाबून
त्याच्यासमोर टेबलावर ठेवला,
मीटरच्या दोन टोकांमधे.

"हॅलो? हिलाल? अरे बोल ना."
धूर त्याच्या तोंडात होता.
सोडवेना, गिळवेना.

मी कानस पुसत बसलो.
काटा बघायला वाकलो नाही.