टॅकोग्राफ

स्टॅफर्डच्या कोर्टात माझं काम एवढंच :
लॉरीच्या पोटातलं यंत्र काय म्हणतं ते सांगायचं.
साडेचार तासांनी थांबावं, असा नियम.
डेरेक हॉलिंगशेड पाच तास दहा मिनिटं चालवत होता.
ताशी छप्पन मैल.
ब्रेकची खूण नाही.

चार सेकंदांत किती अंतर? वकील विचारतो.
शंभर मीटर, मी म्हणते.
ज्युरीतला एक म्हातारा डोळे मिटून
ते चालून बघतो.

शंभर मीटरच्या टोकाला लाल फिएस्टा,
ट्रॅफिकच्या रांगेत शेवटची.
आत विनिफ्रेड ऑटली; मागच्या सीटवर
टोमॅटोचं रोप, त्यालाही बेल्ट लावलेला.

आणि डेरेकच्या फोनवर डेपोचा मेसेज :
कुठे पोचलास?
मेसेज पाठवणारा कोर्टात आला नाही.
त्याला बोलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

‘मी बघितलं नाही,’ डेरेक पोलिसांना म्हणाला होता.
तेच त्याचं खरं,
आणि तोच गुन्हा.

शिक्षेच्या दिवशी काम नसताना गेले,
मागच्या बाकावर बसले.
सहा वर्षं.
विनिफ्रेडची लेक पर्समध्ये काहीतरी शोधत होती,
सापडल्यावरही शोधत राहिली.
डेरेकनं घड्याळ काढून वकिलाकडे दिलं.

परतताना एम-सिक्सवर अंधार पडला.
शेजारच्या सीटवर माझा फोन उजळला.
घरून असणार.
कुठे पोचलीस, असंच काहीतरी.

मी बघितलं नाही.
आता लिहिताना दिसतंय,
त्याचं आणि माझं वाक्य
अक्षरशः एकच आहे.