एकशे अठ्ठ्याण्णव

रात्री दोन वाजता फोननं स्वतःला नवा करून घेतला.
मी झोपलेली. परवानगी म्हणे मीच दिली होती,
मागच्या मंगळवारी, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला,
गडबडीत कुठेतरी 'हो' दाबून.

सकाळी वायफाय नाही.
पासवर्ड बरोबर, राउटरचे तिन्ही दिवे हिरवे,
तरी जोडत आहे, जोडत आहे,
आणि मग: जोडता आलं नाही.

मी एकतीस वर्षं बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये होते,
त्यातली अकरा एकशे अठ्ठ्याण्णववर, तक्रारींच्या टेबलाला.
लोक म्हणायचे, बाई, फोन डेड आहे.
मी विचारायची, खरखर येते, की आवाजच नाही?
तेवढं कळलं की निम्मं काम व्हायचं.
खरखर म्हणजे केबलमध्ये पाणी शिरलंय,
शुकशुकाट म्हणजे कोणीतरी रस्ता खणलाय.

इथे खरखरही नाही.
एक गोल फिरतो, आणि ओशाळल्यासारखा थांबतो.

विमान मोड लावला, काढला.
राउटरची पिन उपसून शंभर आकडे मोजले
(नचिकेत दहा म्हणतो. मी जुन्या खात्याची).
हे नेटवर्क विसरा, म्हटलं. विसरला.
पुन्हा ओळख करून दिली. ओळख दाखवेना.
त्यात कानातल्या बोंडांपैकी डावं बोलतं,
उजव्यानं अबोला धरलेला.

पासोड्या विठोबापाशी एका गाळ्यातल्या पोरानं
फोन उजेडाकडे धरला, एक्स-रे बघावा तसा.
"बोर्ड गेलाय, मावशी. अठराशे."
म्हटलं, तुझ्या दुकानाच्या वायफायवर लागतो का बघ.
लागला. लगेच.
पोरगा माझ्याकडे बघत राहिला.
म्हणजे यंत्र धड, घरची लाइन धड,
दोष या दोघांमधल्या कुठल्या तरी कागदात.

बिबवेवाडीला परत येईस्तोवर बसमध्ये उभं राहून
मी तो कागद आठवत होते.

तीन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरची कॉलेजची मुलं
आमच्या वायफायवर रात्र-रात्र सिनेमे उतरवायची,
तेव्हा नचिकेतनं राउटरमध्ये एक यादी करून ठेवलेली:
यातल्यांनाच आत घ्यावं.
जुना लॅपटॉप उघडला, चष्मा बदलला.
प्रत्येक यंत्राचा एक पत्ता, अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्या.
जोड्या जुळवण्यात माझा हात कोण धरणार!
पहिलीच जुळेना.

फोननं नाव बदललं होतं.
नव्या व्यवस्थेत म्हणे दारोदार वेगळं नाव सांगायचं,
कोणी माग काढू नये म्हणून.
शहाणपणाचंच आहे.
फक्त घरच्या दाराला कोणी कळवलं नाही.

पंच्याऐंशी साली ताटातल्या तांदळांवर
अंगठीनं लिहिलं 'मृणालिनी',
आणि हेमलता भिलारे टाळ्यांच्या गजरात संपली.
ढमढेऱ्यांकडे गोडधोड झालं.
खात्याच्या हजेरीपटाला मात्र आमंत्रण नव्हतं.
तीन महिन्यांचा पगार कॅशिअरच्या ड्रॉवरमध्ये,
आणि कुंडले क्लार्क मान वर न करता:
या नावाच्या बाई इथे नाहीत.
मी समोर उभी. रोज ज्या बाईकडे
तपकिरीसाठी सुटे मागायचा, तीच.

फोनला सांगता आलं असतं, इथे तुझं जुनंच नाव सांग.
तेवढ्यासाठी एक बटण आहे.
नाही दाबलं.
यादीत जुन्याच्या खाली नवं नाव लिहिलं,
दोन्ही राहू दिली. चार मिनिटं लागली.
माझ्या वेळी एक प्रतिज्ञापत्र लागलं होतं,
आणि सासऱ्यांची सही.

गोल फिरला. थांबला.
मग एकदम एकोणीस निरोप, पहिला गॅस एजन्सीचा.
सातवा नचिकेतचा: आई, काय झालं होतं?

लिहिलं: खरखर नव्हती.
त्याला काही कळायचं नाही.

वहीत तारीख घातली, वेळ रात्री नऊ चाळीस,
तक्रारदार आणि कर्मचारी एकच.
उजव्या कानाचं उद्या बघू.