शंभर की चारशे

गोखले रोडला खोपकरांनी काउंटरवर
दोन डब्या ठेवल्या, शंभर आणि चारशे.
"रात्रीचं काम ना? मग चारशे न्या, डोळे झाकून."

काका, रात्र आपल्याकडे.
तिथे लख्ख ऊन पडलंय दगडांवर,
वागळे इस्टेटच्या डांबरावर पडतं तसंच.

त्यांनी मान हलवली, शंभरची दिली,
सुटे नव्हते म्हणून वर एक रिकामी डबी.
तिच्यात हल्ली लवंगा असतात.

कोपरीची गच्ची. पीव्हीसीचा पाइप,
चार महिने हातानं घासलेला सहा इंची आरसा.
शटर पडलं की सगळंच थरथरतं,
म्हणून पाइपाच्या तोंडाशी काळा पुठ्ठा.
शटर उघडं, श्वास बंद,
पुठ्ठा बाजूला
आणि "एक" म्हणायच्या आत परत जागेवर.
तृतीयेची कोर येऊरमागे जाईस्तोवर
बत्तीस वेळा.

उरलेले चार सावनीच्या बारशाला.

लॅबच्या पाकिटावर बॉलपेननं लिहिलेलं:
"४ प्रिंट. बाकी ब्लँक. पैसे लावले नाहीत."

खोपकरांनी न बोलता शेवटची पट्टी
ट्यूबलाइटसमोर धरली, भिंग लावलं.
नारिंगी आभाळात काळी कोर,
कापलेल्या नखाएवढी.
पुढच्या चौकटीत अर्धीच,
बाकीची डोंगरानं खाल्लेली.
"अहो, ही तर आहे की," ते पुटपुटले,
आणि अंगठ्यानं पट्टी पुढे सरकवली.

लगेच पाळणा.