आत राहू दिलेलं

ओढू नका, एवढंच म्हणाला होता
वरच्या दवाखान्यातला कंपाउंडर,
आणि कुणी ओढलं नाही.
मामाने करवतीने बांबू कापला, वीतभर ठेवून.
पाच तासांचा रस्ता, एक वाहून गेलेला पूल,
गाडीच्या मागच्या फळीवर योमे
पोराचं डोकं मांडीत दाबून बसलेली,
मेंडी येईपर्यंत तिने स्वतःची मानही वळवली नाही.

सतरा वर्षांचा वेसी. लढाईत नव्हताच.
सरपण आणायला गेला होता, नको त्या कुंपणाकडून.

सीटी मशीन बंद. सुटा भाग मार्चपासून येतोय.
साध्या एक्स-रेवर बाण नाही,
लाकूड फिल्मला दिसत नाही.
दिसतात तीन पांढरे ठिपके:
त्याच्याच कवटीचे कपचे,
बाणाने ढकललेले,
बाणाच्याही पुढे गेलेले.

डॉक्टर पोकेया कोपरापर्यंत हात धुतात.
भूल देणारा वागी किनाऱ्यावरचा,
डोंगरातल्या थंडीवर कायम वैतागलेला,
आज दाब सांगतो, नाडी सांगतो, थंडीबद्दल अक्षर नाही.

हाताने फिरवायचं गिरमिट, सुताराकडे असतं तसंच.
हाडाचा ओला गुलाबी भुसा,
सिस्टर नोलिन त्यावर मिठाचं पाणी सोडत राहते.
चार भोकं. त्यांच्यामधून तारेची करवत.
बाणाभोवतीचं हाड असं उचललं
की बाणाला पत्ता लागू नये.

मग बाण. आला त्याच रेषेत, मागे.
वागीने श्वास धरला होता, तो कुणी मोजला नाही.
काळ्या ताडाचं टोक, अखंड.
नोलिनने बोटाने चाचपलं, कुठे कुसळ तुटलेलं नाही.

पहिला कपचा चिमट्यात आला.
दुसरा धुताना आपणहून वर आला.
तिसरा खोल, जिथून शब्द निघतात त्याच्या अगदी शेजारी.

शिकताना पोकेयांना सांगितलं होतं:
शेवटचा कण मिळेपर्यंत थांबायचं नाही.
एकदा नव्हते थांबले. तासभर शोधलं, सापडलाही.
ती बाई जगली.
नवऱ्याला पाहुणा समजून खुर्ची देत राहिली.

चिमटा ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज.
'राहू दे.'

मांडीतून काढलेल्या पांढऱ्या पट्टीचं
मेंदूच्या फाटक्या अस्तराला ठिगळ,
थेंब झिरपू नये इतके जवळ टाके.

शल्य म्हणजे मुळात बाण, आपल्या भाषेत.
शल्यक्रिया म्हणजे तो काढणं.
आणि निघत नाही त्याला आपण सल म्हणतो.
इथे बाण निघाला.
राहिलं ते त्याचं स्वतःचं हाड.

पडवीत सात माणसं, धुक्याने ओली.
'सगळं काढलं?'
'नाही. एक आत आहे.'
'मग काढा.'
'त्याच्या मागे गेलो तर वाटेतलं बरंच जाईल.'
मामा जमिनीकडे बघत राहिला.
कुणीतरी वर्तमानपत्रात तंबाखू गुंडाळायला घेतली
आणि तशीच हातात ठेवली.
'बाण तरी द्या.'
'तो पोलिसांकडे जाईल.
डुकरांचा हिशेब त्याच्याशिवाय करा.'

योमेच्या कपाळावर आडवी खाच आहे.
बिलुमचा पट्टा तिथे बसतो.
मागे पाठीवर झोळी: रताळी, लाकडं,
एकेकाळी हाच वेसी, पानांवर झोपवलेला.

सहाव्या दिवशी तो डोळे उघडतो,
मगाकडे बोट करतो,
'रताळं.'
मान हलवतो, चिडतो. पुन्हा, मोठ्याने:
'रताळं!'

पोकेया वहीत काहीतरी लिहितात.
योमे उठते, मग भरते,
मानेखाली हात घालून
त्याला पाणी पाजते.